मेमरीचे तुकडे आणि तुकडेजोड

जमिनीची दर पिढीला वाटणी होत गेली की गावाचे एकूण क्षेत्र तेवढेच राहते, पण सलग रान उरत नाही. या दुखण्यावर उपाय म्हणून मुंबई प्रांतात १९४७ साली झालेला तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा करवीर वा पन्हाळा तालुक्यातील गुंठ्यांवर हिशेब चालवणाऱ्या खातेदारांना चांगलाच ठाऊक आहे. संगणकाच्या मेमरीला नेमके हेच दुखणे जडते, आणि त्याचा बंदोबस्त करणारा कारभारी, म्हणजे ‘मेमरी अ‍ॅलोकेटर’, हा संगणकशास्त्रातील एक महत्त्वाचा पण उपेक्षित विषय आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा प्रोग्रामला मेमरी देतो ती ठोक मापात, ‘पान’ या एककाने. बहुतेक संगणकांवर असे एक पान ४,०९६ बाइटचे असते, तर अ‍ॅपलच्या नव्या प्रोसेसरवर ते १६ किलोबाइटचे असते. प्रोग्रामला मात्र कधी एखादे नाव साठवण्यापुरते २४ बाइट लागतात, तर कधी चित्रासाठी काही लाख. ठोक माल घेऊन किरकोळीत देणे आणि परत आलेला तुकडा पुन्हा कामाला लावणे हे काम अ‍ॅलोकेटर करतो; सी भाषेत मागणीच्या फंक्शनला ‘मॅलॉक’ आणि परतीच्या फंक्शनला ‘फ्री’ म्हणतात. हा कारभारी गाभ्याचा भाग नसून प्रोग्रामच्या स्वतःच्या हद्दीत, लायब्ररीच्या रूपाने राहतो, आणि म्हणूनच त्याला बदलता येते.

जमीन आणि मेमरी यांत एक मोठा फरक मात्र आहे. एकत्रीकरण योजनेत दोन खातेदारांच्या जमिनींची अदलाबदल करून त्यांना नवे गट क्रमांक देता येत होते. सी भाषेतील प्रोग्रामने आपल्या तुकड्याचा पत्ता स्वतःजवळ अनेक ठिकाणी लिहून ठेवलेला असल्यामुळे वापरातला तुकडा त्याच्या नकळत हलवता येत नाही. शेजारशेजारचे मोकळे तुकडे जोडणे एवढेच अ‍ॅलोकेटरच्या हाती असते. त्यामुळे कोणता तुकडा कुठून द्यायचा, हा पहिलाच निर्णय निर्णायक ठरतो, आणि तो चुकत गेला की एकूण मेमरी शिल्लक असूनही सलग जागा मिळत नाही.

डग ली यांनी १९८७ मध्ये लिहायला घेतलेला अ‍ॅलोकेटर या विद्येचा पाया मानला जातो. वोल्फ्राम ग्लोगर यांनी त्यावर उभारलेली आवृत्ती लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीत आली. पण एका प्रोग्रामचे अनेक ‘थ्रेड’, म्हणजे एकाच वेळी चालणारे कार्यप्रवाह, एकाच वहीवर हिशेब लिहू लागले की प्रत्येकाला कुलूप उघडण्याची वाट पाहावी लागते. ही रांग मोडण्यासाठी एमरी बर्गर व सहकाऱ्यांचा ‘होर्ड’ २००० मध्ये आला, जेसन इव्हान्स यांचा ‘जेमॅलॉक’ फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने स्वीकारला, गूगलने ‘टीसीमॅलॉक’ तयार केला आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील डान लायन यांचा ‘मिमॅलॉक’ २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपशील वेगवेगळे असले तरी प्रत्येक थ्रेडजवळ वा प्रोसेसरजवळ मोकळ्या तुकड्यांचा छोटा साठा ठेवायचा आणि सामाईक कोठाराकडे क्वचितच जायचे, हा विचार सर्वांत आढळतो.

कारभारी बदलणे किती सोपे, हे अ‍ॅलोकेटरच्या गुणांपेक्षा ‘मॅलॉक’ या नावाचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टिम कशी लावते यावर अवलंबून असते. लिनक्सवर ते नाव ज्या लायब्ररीत प्रथम सापडेल तिचे मानले जाते. म्हणून ‘एलडी प्रीलोड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नव्या लायब्ररीचा पत्ता दिला की मूळ प्रोग्रामला हात न लावता कारभारी बदलतो, मात्र प्रोग्राम पूर्णपणे स्वयंपूर्ण बांधलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. मॅकओएसवर प्रत्येक नावासोबत ते कोणत्या लायब्ररीतले याचीही नोंद असते, म्हणून तेथे ‘झोन’ या वाटपविभागांच्या नोंदणीतून जावे लागते. शिवाय २०१५ पासूनच्या संरक्षणव्यवस्थेमुळे सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये बाहेरची लायब्ररी अशी घुसवता येत नाही.

विंडोजचे प्रकरण सर्वांत कठीण. तेथेही नावे लायब्ररीशी बांधलेली असतात, आणि त्यातच एका प्रोग्रामचे निरनिराळे भाग सी भाषेच्या निरनिराळ्या रनटाइम लायब्ररी, प्रत्येकीचा कारभारी वेगळा, घेऊन येऊ शकतात. एकाने दिलेला तुकडा दुसऱ्याकडे परत केला गेला की त्याच्या नोंदी बिघडतात आणि प्रोग्राम कोसळतो, तोही पुष्कळदा भलत्याच ठिकाणी, उशिरा. एका घरात दोन कारभारी नांदत नाहीत. बदल करायचा तर संपूर्ण करावा लागतो. जून २००८ मधील फायरफॉक्स ३ ने मेमरीचे तुकडे होणे आवरण्यासाठी विंडोज आणि लिनक्सवर जेमॅलॉक घेतला, पण मॅकओएसवर मूळचाच ठेवला. मिमॅलॉक आज विंडोजवर एका स्वतंत्र मध्यस्थ लायब्ररीकरवी सर्व मागण्या स्वतःकडे वळवतो.

बदलाचा हव्यास मात्र बाळगू नये, कारण मूळचे कारभारीही सुधारत आले आहेत. जीलिबसीनेही २०१७ मध्ये थ्रेडनिहाय साठ्याची सोय केली, आणि रस्ट भाषेने जेमॅलॉक सोडून २०१९ पासून सिस्टिमचाच अ‍ॅलोकेटर मूळ मानला. कोल्हापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कारभारी बदलून पाहण्याचा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर करता येईल: स्वतःचाच प्रोग्राम मूळच्या आणि ‘एलडी प्रीलोड’ने आणलेल्या नव्या अशा दोन्ही अ‍ॅलोकेटरवर खऱ्या कामाच्या भाराखाली काही तास चालवावा, कारण मेमरीचे तुकडे पाच मिनिटांत दिसत नाहीत, लागलेला वेळ आणि व्यापलेली कमाल मेमरी नोंदवावी, आणि फरक दिसला नाही, तर ते व्हेरिएबल काढून टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू करताच जुना कारभारी आपल्या जागी परत येतो.