घरची वाट का चुकते?

आमच्या ओळखीच्या एका आजी इंदोऱ्यात राहतात. रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जातात. चाळीस वर्षांची पायाखालची वाट. मागच्या पावसाळ्यात मात्र परतताना गल्लीत न वळता त्या थेट कमाल चौकाकडे चालत राहिल्या. ओळखीच्या पोराने हात धरून घरी आणले. घरचे म्हणाले, "वय झालं." आम्ही म्हणतो, एवढ्यावर सोडू नका.

वाट डोळ्यांना दिसते, पण ती ओळखतो मेंदू. मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. १९७१ मध्ये लंडनला जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत दिसले, की उंदीर एका ठिकाणी आला की तिथल्या ठराविक पेशी जाग्या होतात, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच. २००५ मध्ये नॉर्वेच्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या पथकाला शेजारच्या भागात आणखी पेशी सापडल्या. या पेशी जमिनीवर जाळी अंथरल्यासारख्या सारख्या अंतरावर जाग्या होतात. किती चाललो, कुठे आलो, हा हिशेब त्यावर चालतो. तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी आणखी वेगळ्या. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले.

अल्झायमर आजारात पेशी मरू लागतात आणि सुरुवात बहुधा याच भागांतून होते. म्हणून नातवंडांची नावे बिनचूक सांगणारा माणूसही वाट चुकू शकतो.

पण प्रत्येक चूक म्हणजे अल्झायमर नव्हे. पुलाच्या कामात खुणेचे दुकान पाडले तर आम्हीही गोंधळतो! बी-१२ कमी असणे, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू यांनीही असे होते, आणि त्यावर इलाज आहे. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. मेडिकल किंवा मेयोच्या ओपीडीत दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. गोंधळ एकाएकी झाला, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठा. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.

घरात कोंडून ठेवणे हा उपाय नाही. त्या आजींच्या बटव्यात आता घरच्या फोन नंबरची चिठ्ठी असते, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून ठेवले आहे, आणि विहारात जाताना नात सोबत असते. कोणत्या गल्लीत वळायचे ते नात आधी आजीलाच विचारते.