तेल, भात आणि घाम

कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाई, त्या आपल्या समाजाला तेलाविषयी कोणी चार शब्द सांगावेत, हे किंचित धारिष्ट्याचेच आहे. परंतु आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळून विकीत असत. आपण ते कोशिंबिरीवर आणि तहिन्यावर सैल हाताने ओततो, एवढा फरक झाला आहे. इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यापासून आपल्या पुष्कळ घरांत असा समज रुजला आहे की, ऑलिव्हचे तेल प्रकृतीला हितकर असल्यामुळे त्याने वजन वाढत नाही. ते हितकर आहे, यात संशय नाही. तथापि तेल ऑलिव्हचे असो, शेंगदाण्याचे असो वा सूर्यफुलाचे असो, त्याच्या एका ग्रॅमपासून ९ उष्मांकच मिळतात. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. असे तीन चमचे दिवसाकाठी नकळत पोटात जाणे काहीच कठीण नाही.

भात बिचारा मात्र नाहक बदनाम झाला आहे. रात्री भात खाल्ल्याने पोट सुटते असे मानून कित्येक घरांत सायंकाळचा भात बंद होतो, आणि त्याच्या जागी तहिना माखलेला पिता, शुक्रवारी रात्री खल्ल्याचे दोन जाड काप येतात. शिजलेल्या भातात पाणी पुष्कळ असल्याने त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १३० उष्मांक असतात; तेवढ्याच वजनाच्या पितामध्ये अडीचशेच्या आसपास, आणि पाणी न घातलेल्या तहिन्यात सुमारे सहाशे! भात कितीही खावा असा याचा अर्थ नव्हे. मधुमेह असणाऱ्यांनी तर तो मोजकाच घ्यावा, व त्याबरोबर बिरडे, भाजी, मासळी यांचे प्रमाण वाढवावे. पण चरबी घड्याळाकडे पाहून साठत नाही. खर्चाहून अधिक अन्न दिवसामागून दिवस पोटात गेले म्हणजे ती साठते.

व्यायामाविषयीचे समज याहूनही चमत्कारिक आहेत. बेर-शेवा किंवा दिमोना येथील उन्हाळ्यात जाड कपडे चढवून, क्वचित पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून, धावणारी मंडळी आढळतात. घाम गळाला की चरबी वितळली, ही त्यांची श्रद्धा. घामावाटे लिटरभर पाणी गेले तर काटा एक किलो खाली येईल खरा, पण पाणी पिताच तो पूर्ववत होईल. किप्पूरच्या रोजानंतर घटलेल्या वजनाचीही बहुतांशी हीच कथा आहे. मग चरबी जाते तरी कोठे? २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रुबेन मीरमन व अँड्र्यू ब्राउन यांनी याचा हिशेब मांडला. १० किलो चरबी खर्ची पडली, तर तिच्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडते. पाण्याच्या रूपाने जाते ती केवळ १.६ किलो. उन्हात स्वतःला कोंडून घेतल्याने हा व्यवहार जलद होत नाही. उष्माघाताचा धोका तेवढा वाढतो.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी उतरते, हाही असाच एक भ्रम. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहण्यात आले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू साहजिकच अधिक भरलेले होते. परंतु त्या हाताच्या त्वचेखालील चरबीचा थर दुसऱ्या हाताइतकाच निघाला. अमुक जागेची चरबी काढ, अशी आज्ञा शरीर ऐकत नाही.

मात्र आमच्या मते सर्वांत घातक समज निराळाच आहे. तो म्हणजे, “आम्ही बारीक आहोत, आम्हाला काय होणार?” पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय देह दिसायला सडसडीत असला, तरी त्यात, विशेषतः पोटात, चरबी दडलेली असू शकते, आणि तीच मधुमेहाला वाट करून देते. आपले पूर्वज शतकानुशतके कोकणात राहिले. तेव्हा हा इशारा आपल्यालाही लागू आहे असे धरून चालणे शहाणपणाचे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांनी २५ ऐवजी २३ या निर्देशांकापासूनच सावध व्हावे असे सुचविले. दक्षिण आशियाई पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही मानले जाते.

मग चालण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. पासष्ट किलो वजनाच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चालावे, तेव्हा दोनशे ते अडीचशे उष्मांक खर्ची पडतात. परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातला एक मोठा बोरेकस ते सर्व फेडून वर देणे ठेवतो. म्हणून वजन उतरविण्याचे काम मुख्यतः ताटातच होते. परंतु चालणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, आणि हा लाभ वजन तसूभर न हललेल्यांनाही मिळतो. जेवणानंतरची पंधरा मिनिटांची फेरी यासाठी उत्तम. आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम घ्यावा; वजने उचलल्याने आपल्या भगिनी पहिलवान होतील ही भीती निराधार आहे. उतारवयात स्नायू झिजू लागतात, तेव्हा आजी-आजोबांना तर तो अधिकच अगत्याचा.

घेर मोजताना फीत शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत ओढू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार एकदम तोडण्यापूर्वी, तसेच रोजा धरण्यापूर्वी, आपल्या कुपत होलीमच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. रोश हशानाला चिकाचा हलवा सर्वांनीच खावा. वडी मात्र लहान कापावी.