चित्राखालील नाव व त्याचे प्रामाण्य

चित्र म्हणजे प्रत्यक्ष पुरावा, असा सर्वत्र समज आहे. परंतु चित्रातील पुरुष कोण, हे डोळा सांगत नाही. ते त्याखालील अक्षरे सांगतात. रूप प्रत्यक्षाने कळते, नाम मात्र शब्दप्रमाणाने. आणि नैयायिकांच्या मते शब्द आप्ताचा, म्हणजे यथार्थ जाणून यथार्थ सांगणाराचा, असेल तरच प्रमाण होय. हा भेद विसरल्याने काय घडते, याचे एक उदाहरण येथे देतो.

१८५७ साली कानपूरच्या प्रकरणानंतर ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने नानासाहेब पेशवे यांचे म्हणून एक चित्र छापले. त्याची हकीकत ९३ व्या हायलँडर पलटणीतील फोर्ब्स-मिचेल याने १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत दिली आहे. तीनुसार ते चित्र सैन्यास रसद पुरविणाऱ्या एका कंत्राटदाराचे असून जॉन लँग या बॅरिस्टरापाशी होते. हे नानासाहेबांचे नव्हे, असे लँगने सांगितले असताही ते छापले गेले. लँग १८६४ साली वारला. खुलासा छापून येण्यास मात्र त्यानंतरही बरीच वर्षे लागली. ही साक्ष एकट्याची व ऐकीव आहे, हे खरे. तथापि त्या चित्राखाली नानासाहेबांचे नाव निःशंकपणे घालण्याचा अधिकार तिने खासच उरू दिलेला नाही.

ही केवळ शोभेची चूक नव्हे. नानासाहेबांस पकडून देणारास एक लाख रुपयांचे इनाम लागले होते. १८७४ साली ग्वाल्हेरास शिंद्यांनी एका मनुष्यास नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या स्वाधीन केले. पुढे ओळख न पटल्याने तो सुटला. जेथे ओळखीवर प्राण अवलंबून असतात, तेथे नाव व रूप यांची चुकीची गाठ घालणे घातक होय.

अशी चूक टिकते, कारण चित्र एकीकडून दुसरीकडे उचलले जाते आणि दुरुस्ती, झालीच तर, मागे जुन्या अंकात राहते. आता संगणकामुळे चित्राचा प्रवास क्षणाचा झाला आहे. दुरुस्तीचा झालेला नाही. आमच्या साकोलीसारख्या गावी वाचकास मूळ चित्र पाहावयास मिळत नाही; छापील प्रत हीच त्याला मूळ.

म्हणून प्रत्येक चित्राखाली मूळ कोठे आहे, नाव कोणी व कशावरून दिले, हे लिहावे. आधार नसेल तर नाव घालू नये. चूक आढळल्यास शुद्धिपत्र पुढील अंकात तर द्यावेच. शिवाय ते चित्र पुन्हा छापताना दुरुस्ती त्याच्याखालीच छापावी. इतरांस हे सांगण्यापूर्वी संशोधकांच्या नियतकालिकांनी, आमच्या या त्रैमासिकानेही, आपल्या जुन्या अंकांपासून आरंभ करावा, हे उचित.