पेटंटचे कुलूप आणि औषधाचा भाव

भावाचे गणित व्यापारी बांधवांना आम्ही काय सांगावे! माल, मजुरी, भाडे आणि थोडा नफा मिळून भाव ठरतो, आणि शेजारच्या दुकानदाराने दोन रुपये उतरवले की आपणही उतरतो. परंतु बाजारात असाही माल आहे की ज्याला शेजारचा दुकानदारच नसतो. पेटंट असलेले औषध हा तो माल.

यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध घ्या. जर्मनीच्या बायर कंपनीला २००८ साली त्याचे भारतीय पेटंट मिळाले. ‘नेक्साव्हर’ या नावाने ती महिन्याच्या १२० गोळ्या २,८०,४२८ रुपयांना विकत असे. हैदराबादच्या नॅटको कंपनीने त्याच १२० गोळ्या ८,८८० रुपयांत देण्याची तयारी दाखवली. नॅटकोला संशोधनाचा खर्च पडलेला नव्हता, ही बायरची तक्रार खोटी नव्हे. पण एकतीस पटींचा फरक पाहून कोणाही दुकानदाराच्या भुवया उंचावतील.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या रीतीवर पेटंट मिळे. रीत बदला, औषध बनवा. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापलेल्या सिप्ला कंपनीने या सवलतीचे सोने केले. २००१ साली त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून ही मोकळीक संपली. आता खुद्द औषधावरच वीस वर्षांचे पेटंट मिळते.

तरी कायद्याने एक खिडकी ठेवली आहे, कलम ८४. पेटंट मिळून तीन वर्षे झाली आणि लोकांची गरज भागत नसेल, भाव परवडणारा नसेल, किंवा त्या शोधाचा भारतात वापरच होत नसेल, तर दुसऱ्याला सक्तीचा परवाना देता येतो. नॅटकोने याच कलमाखाली अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तो मंजूर केला. बायरचे औषध गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास लोकांनाच मिळत होते. हिशेब बायरनेच पेटंट कार्यालयाला दिलेल्या विवरणपत्रांतून निघाला! नॅटकोने ८,८८० रुपयांहून अधिक घ्यायचे नाहीत, विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी बायरला द्यायची आणि दरवर्षी किमान ६०० गरजूंना औषध फुकट द्यायचे, असे ठरले. म्हणजे पेटंटवाल्याचा हक्क बुडाला नाही, मक्तेदारी तेवढी गेली.

बायरचा बचाव मोठा मासलेवाईक होता. सिप्ला हेच औषध स्वस्तात विकते आहे, मग लोकांची गरज भागलीच की! अन् त्याच सिप्लावर बायरने पेटंटभंगाचा दावा लावला होता. हा युक्तिवाद टिकला नाही. अपील मंडळाने रॉयल्टी सात टक्के केली, परवाना कायम ठेवला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयातही बायर हरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली नाही.

त्यानंतर रांग लागेल असे वाटले होते. लागली नाही. २०१३ साली रक्ताच्या कर्करोगावरील डॅसॅटिनिबचा अर्ज फेटाळला गेला, कारण अर्जदाराने आधी पेटंटवाल्याकडे रीतसर परवाना मागण्याचे नेट धरले नाही. २०१६ साली मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनचा अर्जही गेला; गरज भागत नाही हे आकड्यांनी सिद्ध झाले नाही. म्हणजे पुन्हा मुद्दा आकड्यांवर आला. आणि ज्या विवरणपत्रांतून हे आकडे निघतात, ती पूर्वी दरवर्षी भरावी लागत. २०२४ च्या नियमांनी ती तीन वर्षांतून एकदा भरली तरी चालतात.