दंड सरकारजमा, नुकसान गिऱ्हाइकाचे

सांगली जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात वसलेले, खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे गाव यंत्रमागांसाठी जसे ओळखले जाते तसेच गलाईच्या धंद्यासाठीही ओळखले जाते. या गावातून आणि आसपासच्या आटपाडी-कडेगावच्या मुलखातून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी भारतभरच्या सराफपेठांत आपल्या भट्ट्या मांडल्या आणि जुने दागिने, सोनारांच्या दुकानांतील धूळमाती गाळून शुद्ध सोने-चांदी वेगळे करण्याचे काम पत्करले. परमुलखात केवळ विश्वासाच्या भांडवलावर चालणाऱ्या या व्यवसायाचा पहिला दंडक असा, की कसाला लावलेला धातू आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडणारा धातू एकच असला पाहिजे. तो नसेल तर घटीची रक्कम ज्याचा माल होता त्यालाच भरून द्यावी लागते. हा साधा व्यवहारधर्म मोटारगाड्या बनविणाऱ्या अवाढव्य कंपन्यांनाही बंधनकारक आहे की नाही, आणि असल्यास आपल्याकडे तो पाळला जातो काय, हा या लेखाचा विषय आहे.

पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या आणि भाड्याच्या वाहतुकीत ज्या गाड्यांनी एका काळी मोठे स्थान मिळविले, त्यांत शेव्हरोलेटच्या टवेराची गणना करावी लागेल. ही गाडी बनविणाऱ्या जनरल मोटर्सचे भारतातील कारखाने गुजरातेत हलोलला आणि पुणे जिल्ह्यात तळेगावला होते. जुलै २०१३ मध्ये या कंपनीने २००५ ते २०१३ या काळात तयार झालेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, आणि त्यामागचे जे कारण उघडकीस आले ते कोणाही सचोटीच्या माणसाला अस्वस्थ करणारे होते. प्रदूषणाच्या तपासणीसाठी सादर करावयाच्या गाड्यांत कमी धूर सोडणारी इंजिने कंपनीच्याच माणसांनी निवडून बसविली होती आणि गाडीच्या वजनाची माहितीही बदलून दिली होती. म्हणजे तपासनिसापुढे उभी राहणारी गाडी वेगळी आणि गिऱ्हाइकाच्या दारात येणारी वेगळी. कंपनीने वीसहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले, आणि केंद्र शासनाने नेमलेल्या चौकशी समितीने हा प्रकार कंपनीने केलेली फसवणूकच ठरविला. परंतु ज्याने कर्ज काढून गाडी घेतली, त्याच्या वाट्याला विनामूल्य दुरुस्तीच्या आश्वासनापलीकडे काय आले? पुढे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबविली आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचा कारखानाही बंद केला. जुन्या गिऱ्हाइकाने दाद मागावी अशा विक्रेत्यांची दारेही एकेक करून मिटत गेली.

याहून विस्तृत आणि जगभर गाजलेले प्रकरण फोक्सवॅगनचे. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याने १८ सप्टेंबर २०१५ रोजी या जर्मन कंपनीवर असा ठपका ठेवला, की तिच्या डिझेल गाड्यांतील संगणकप्रणाली परीक्षा चालू असल्याचे ओळखते आणि तेवढ्यापुरते प्रदूषण आवरते. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन काही गाड्यांत मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही युक्ती असल्याचे कंपनीने कबूल केले. चाकणला या कंपनीचा मोठा कारखाना असल्यामुळे आणि वाहनांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच असल्यामुळे या प्रकरणाचा भारतीय अध्याय बराचसा महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला. एआरएआयच्या चाचण्यांत रस्त्यावरील उत्सर्जन भारत-४ मानकाच्या १.१ ते २.६ पट आढळले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने आपल्या, श्कोडाच्या व ऑडीच्या मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलाविण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नेमलेल्या समितीने, जिच्यात एआरएआयबरोबर नागपूरच्या नीरी या संस्थेचाही समावेश होता, दिल्लीकरांच्या आरोग्यहानीचे मोल १७१ कोटी ३४ लाख रुपये धरले. न्यायाधिकरणाने ७ मार्च २०१९ रोजी ५०० कोटी रुपये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरण्याचा हुकूम केला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीस स्थगिती दिली. या हुकमात हवेचा विचार झाला, आरोग्याचा झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती पडेल अशी रक्कम त्यात कोठेही नव्हती.

अमेरिकेत मात्र २०१६ च्या तडजोडीनुसार दोन लिटर इंजिनाच्या गाड्यांच्या मालकांना, गाडी परत देण्याचा किंवा दुरुस्त करून घेण्याचा पर्याय खुला ठेवून, त्याखेरीज साधारणपणे ५,१०० ते १०,००० डॉलर रोख देण्यात आले. जर्मनीत ग्राहक-संघटनांच्या महासंघाने सर्वांच्या वतीने दावा लढविला आणि २०२० मध्ये सुमारे ८३ कोटी युरोंची तडजोड घडवून आणली. त्याच वर्षी २५ मे रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असा निर्णय दिला, की फसविलेल्या गिऱ्हाइकाने गाडी परत करून किंमत मागून घ्यावी, मात्र जितके किलोमीटर ती वापरली तितक्या उपभोगाचे मूल्य वजा व्हावे. जपानमध्ये इंधन-खर्चाचे खोटे आकडे दिल्याचे २०१६ मध्ये उघड झाल्यावर मित्सुबिशीने संबंधित छोट्या गाड्यांच्या मालकांना दरडोई १ लाख येन देऊ केले. लबाडी सर्वत्र एकाच जातीची असताना तिचे परिमार्जन गिऱ्हाईक कोणत्या देशाचे नागरिक आहे यावर ठरावे, ही गोष्ट न्यायबुद्धीला पटणारी नाही.

कंपन्यांची कैफियत अशी असते, की गाडी चालली, माल वाहिला, माणसे पोहोचली. मग गिऱ्हाइकाचे नुकसान ते काय झाले? हा युक्तिवाद ऐकून घेण्याजोगा आहे, पण टिकणारा नाही. गिऱ्हाइकाने जी किंमत मोजली ती केवळ चार चाकांची नव्हती. कायद्याच्या कसोटीला उतरलेल्या गाडीची होती, आणि तशी गाडी त्याला मिळालीच नाही. फसवणूक उघड झाल्यावर जुन्या बाजारात त्या गाडीचा भाव उतरतो, दुरुस्तीसाठी ती कार्यशाळेत अडकल्यास तितक्या दिवसांची कमाई बुडते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. दंड हा राज्याच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल असतो, दुरुस्ती ही यंत्राची असते. गिऱ्हाइकाचे देणे या दोहोंहून स्वतंत्र आहे, आणि एक फेडल्याने दुसरे फिटत नाही. जर्मन न्यायालयाने उपभोगाचे मूल्य वजा केले ते योग्यच केले, कारण भरपाई न्याय्य असावी याचा अर्थ ती कारखानदारालाही न्याय्य असावी.

आपल्या कायद्यात या देण्याचा आधार नाही असे नव्हे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्यानंतर १९८६ चा आणि पुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. भाड्याने गाडी चालविणारा माणूस व्यापारी आहे, ग्राहक नव्हे, हा आक्षेप १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा वा ट्रक घेणारा मनुष्य ग्राहकच होय. नव्या कायद्याने तर विट्याच्या चालकाला पुणे-मुंबईची वाट न धरता आपल्या राहत्या जिल्ह्यात, सांगलीच्या आयोगापुढे, तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ सदोष गाडी परत बोलावण्याचा अधिकार केंद्र शासनास देते, पर्यावरणाला बाधक दोषही त्यात येतो, आणि निर्मात्याने पूर्ण किंमत परत द्यावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करावी असे पर्याय त्यात आहेत.

मग अडते कोठे? ते पुराव्याच्या जागी अडते. इंजिनाच्या संगणकात दडविलेली लबाडी एकट्या चालकाने सिद्ध करावी ही अपेक्षा म्हणजे त्याला हक्क देऊन दार बंद ठेवण्यासारखे आहे. ती लबाडी शोधून काढण्यास अमेरिकेतही विद्यापीठाची प्रयोगशाळा लागली. गोव्यातील एका ग्राहकास जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकली गेली त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विक्रेत्याच्या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही, कारण कंपनीला त्याची जाण असल्याचा पुरावा नव्हता. आणि ते तर्कास धरूनच होते. पण जेथे फसवणूक खुद्द कारखान्यात जन्मली आणि सरकारी संस्थेने ती प्रयोगाने दाखवून दिली, तेथे तोच निष्कर्ष प्रत्येक गाडीमालकाच्या बाजूने पुरावा मानला जावा, भरपाईचे कोष्टक गाडी परत बोलावण्याच्या हुकमातच नमूद व्हावे, कर्जाऊ गाडी असेल तर हप्त्याचा हिशेब त्यात धरला जावा, आणि कंपनीने देश सोडण्यापूर्वी या देण्यापोटी पुरेशी रक्कम अनामत ठेवावी, एवढ्या चार तरतुदी नियमांत घालणे शासनाला कठीण नाही.

तोपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्राहक-संघटनांनी आणि वाहनचालकांच्या संघटनांनी जर्मनीतील उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून, समान हिताच्या अनेकांची एकत्र तक्रार करण्याची जी सोय ग्राहक कायद्यातच आहे, तिचा आश्रय घ्यावा. खोट्या कसोटीवर मिळविलेला पैसा हा नफा नव्हे, ती दुसऱ्याची रक्कम आहे. आणि दुसऱ्याची रक्कम मागण्याची वाट न पाहता परत करणे हे औदार्य नसून कर्तव्य आहे.