गुलछडीचे कंद : काढणी आणि फेरलागण

निशिगंध हे नाव पुस्तकातले. बारामती-इंदापूरकडच्या मळ्यांत आणि पुण्याच्या फुलबाजारात त्याला गुलछडी म्हणतात. आम्हीही तेच नाव वापरू. आम्ही शेतमजुरांच्या संघटनेची माणसे, शेतकी शाळेत गेलेलो नाही. जे कळले ते बांधावर बसून आणि मिळेल ते वाचून.

गुलछडी मूळची मेक्सिकोची. एकदा लावली की साधारण तीन वर्षे फुले देते, मग दांडे आखूड पडतात, फूल बारीक होते. मालक म्हणतो, जमीन दमली. खरे कारण जमिनीखाली असते. ज्या कंदाने एकदा दांडा दिला तो पुन्हा देत नाही. पुढचा बहर त्याच्या अंगाला फुटलेल्या पिलांवर येतो. पिलांना पिले होत जातात आणि तीन वर्षांत एका कंदाच्या जागी दाटीचा गड्डा तयार होतो. अन्नपाणी तेवढेच, खाणारी तोंडे दहापट. अशा वेळी खताची गोणी ओतून काय होणार?

उपाय एकच : गड्डा उपटून फोडणे. हिवाळ्यात बहर सरला की पाणी तोडावे. पात पिवळी पडून वाळली म्हणजे कंद पक्व झाला. मग पात कापून, गड्ड्यापासून वीतभर लांब कुदळ घालून, तो खालून उचलावा. कुदळ कंदाला लागली की जखम झाली, आणि जखमेतून कूज शिरते. खोदाई उक्ती दिली की हे हमखास घडते, कारण उक्त्यात घाई हीच मजुरी. म्हणून हे काम रोजंदारीनेच द्यावे असे आमचे मत आहे. त्यात मालकाचाही तोटा नाही.

काढलेले कंद सावलीत पसरून, अधूनमधून हलवत, महिनाभर विसावू द्यावेत. मग जारवा खुडून गड्डे फोडायचे आणि निवड करायची. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचे, टणक, चातीसारखे निमुळते कंद लागणीला. बारीक पिले वेगळ्या वाफ्यात वाढवायला. मऊ पडलेले बाहेर. पुढच्या तीन वर्षांचे उत्पन्न या निवडीवर उभे असते. ती करतात बाया, आणि ‘बसून करायचे हलके काम’ म्हणून त्यांच्या हातावर पुरुषापेक्षा कमी रोज पडतो! समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. लागणीपूर्वी कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवतात, तेही पुष्कळदा उघड्या हातांनी. रबरी हातमोज्यांची मागणी आम्ही केली, तेव्हा एका मळ्यात हसू झाले. पुढच्या हंगामात मोजे आले.

फेरलागण एप्रिल-मेमध्ये, आणि होता होईल तो दुसऱ्या रानात. जुन्या रानात मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी टपलेले असतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘शृंगार’ हा वाण त्यांना बऱ्यापैकी तोंड देतो. कंद पाच-सहा सेंटिमीटर खोल, शेंडा वर करून लावावा. नीरा डाव्या कालव्याखाली उसाला पाणी पाजून पाजून बरीच राने चिबड झाली. तिथे कंद सडतो. निचऱ्याचे रान पाहावे, लागणीनंतर हलके पाणी द्यावे, आणि कोंब वर येईपर्यंत वाफसा पाहूनच पुढची पाळी द्यावी.