काचेच्या धाग्यामागची पीएचडी

साकोलीत महामार्गालगत चर खणून केबलचे पाइप टाकताना दिसले की मुले विचारतात, "सर, यातून वीज जाते का?" वीज नाही, प्रकाश जातो. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून, वळणे घेत.

वर्गात मी पाण्याच्या बाटलीला भोक पाडतो आणि समोरच्या बाजूने लेझर टॉर्च लावतो. प्रकाश धारेच्या कडेवर आदळून पुन्हा आतच परततो आणि धारेबरोबर वाकून तळहातावर उतरतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदरसिंग कपानींना शाळेत सांगितले गेले की प्रकाश सरळ रेषेतच जातो. त्यांना ते पटले नाही. (शिक्षक म्हणून ही गोष्ट मी जरा ओशाळूनच सांगतो.) लंडनच्या इंपिरियल कॉलेजात पीएचडी करताना त्यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोहोचवले. १९५४ साली ते 'नेचर'मध्ये छापून आले.

मात्र त्या काळच्या काचेत वीस मीटरवर शंभरातला जेमतेम एक भाग प्रकाश उरे. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, हे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवले. नोकरी सांभाळून त्यांनी आदल्याच वर्षी पीएचडी मिळवली होती. आज एक किलोमीटरनंतरही सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. काओंना २००९मध्ये नोबेल मिळाले, कपानींना नाही.

प्रकाशशास्त्राचा विषय निघाला की आपल्या घरांत इब्नुल हैसमचे नाव अभिमानाने घेतले जाते. जरूर घ्यावे. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने एम.टेक.नंतर याच विषयात पीएचडी करायची म्हटले, तेव्हा तिचे अब्बू माझ्याकडे आले. "सर, आणखी पाच वर्षे? खर्च कुठून आणू?"

मौलाना आझाद फेलोशिप २०२२मध्ये बंद झाली, याचे मलाही वाईट वाटते. तरी दार बंद नाही. आयआयटी, एनआयटीत फेलोशिपसह पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. नागपूरची व्हीएनआयटी तर इथून शंभरेक किलोमीटरवर. आकडा ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे तिला घरून पैसे पाठवायचे नाहीत?"

तिचा अर्ज भरून झाला आहे. अब्बू आता विचारतात, नागपूरहून साकोलीची शेवटची बस किती वाजता सुटते.